डाउनलोडचं रिझोल्यूशन ठरवताना आधी एमबी बघा

कास-बामणोलीकडे किंवा पाटणच्या वरच्या वाड्यांवर दोन दिवस जायचं असेल, तर बघायचं ते घरूनच उतरवून न्यावं. तिकडे रेंजचा भरवसा नाही. पण डाउनलोड दाबल्यावर 360, 480, 720, 1080 अशी यादी आली की बोट आपसूक सगळ्यात मोठ्या आकड्यावर जातं, आणि डेटा तिथेच संपतो.

आधी व्हिडिओ कशावर बघणार ते ठरवा. स्वस्त मोबाइलचा स्क्रीन बहुतेक 720×1600 असतो. आडवा धरला तरी त्यावर 1280×720 च्या पुढचं काही मावत नाही, म्हणजे 720पी (720 ओळींचं चित्र) पुरे. 32 इंची एचडी रेडी टीव्हीचे ठिपके 1366×768. तिथेही 720पी चालतं. फुल एचडी टीव्ही किंवा मोठा मॉनिटर असेल तरच 1080पीचा विचार करा.

खरा घोळ पुढे आहे. 1080पी लिहिलंय म्हणजे चित्र चांगलंच, असं नाही. चित्र ठरतं बिटरेटवर, म्हणजे सेकंदाच्या व्हिडिओला किती डेटा दिलाय त्यावर, आणि तो फाइलच्या आकारावरून काढता येतो. 1 एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट; आठ मेगाबिटचा एक एमबी) म्हणजे तासाला 450 एमबी. फाइलचे एमबी भागिले तास, त्याला भागिले 450, की बिटरेट हाती आला. एच.264 या कोडेकच्या (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीच्या) फाइलला 480पीसाठी साधारण 1, 720पीसाठी 2 ते 2.5 आणि 1080पीसाठी 4 ते 5 एमबीपीएस लागतात. एच.265 हा नवा कोडेक जवळजवळ निम्म्यात भागवतो.

आता दोन तासांचा सिनेमा, 1080पी, आकार 900 एमबी, अशी एच.264ची फाइल घ्या. हिशेब 1 एमबीपीएसचा आला. 1080पीच्या एका फ्रेममध्ये 20,73,600 ठिपके, 720पीमध्ये 9,21,600. तेवढ्याच एमबीत सव्वादोन पट ठिपके भरायचे, म्हणजे अर्धी भाकरी पंगतीला वाढण्यासारखं. अंधारातले प्रसंग डागाळतात, चेहरे मेणाचे दिसतात. त्याच 900 एमबीची 720पी फाइल यापेक्षा स्वच्छ दिसेल.

व्हिडिओत काय आहे त्यावरही बरंच अवलंबून असतं. कीर्तनात कॅमेरा एका जागी, बुवा आणि टाळकरी तेवढे हलतात. 480पी मोबाइलवर छान चालतं. कुंडलच्या मैदानातल्या कुस्तीचं तसं नाही. माती उडते, मागे गर्दी हलते, कॅमेरा फिरतो. बिटरेट तोकडा असेल तर नेमकं पट काढायच्या क्षणी पैलवानाच्या अंगावर चौकोनी ठिगळं उमटतात आणि डाव कळतच नाही. कुस्तीसाठी 720पी60 (सेकंदाला 60 फ्रेम) मिळत असेल तर 1080पी30 (30 फ्रेम) सोडून द्या.

जुन्या संगीत नाटकांचं चित्रण उलट टोकाला. दूरदर्शनच्या काळातलं मूळ चित्रच 576 ओळींचं. त्याची 1080पी फाइल म्हणजे ताणून मोठं केलेलं चित्र, नवीन तपशील त्यात येत नाही. 480पी घ्या.

रोज 1.5 जीबीचा प्लॅन असेल तर 720पीचा सव्वा तास म्हणजे जवळजवळ दिवसाचा कोटा. तो संपल्यावर बऱ्याच प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो; त्या वेगाने 450 एमबी उतरायला साडेपंधरा तास लागतात. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘फक्त वायफायवर डाउनलोड’ चालू ठेवा आणि क्वालिटी मीडियमवर करा. ॲपमध्येच साठवलेला व्हिडिओ पेन ड्राइव्हवर टाकता येत नाही, हेही धरून चाला.

पेन ड्राइव्ह टीव्हीला लावायचा असेल तर फाइल एमपी4, चित्र एच.264, आवाज एएसी, हे सगळ्यात बिनधोक. जुन्या टीव्हीवर एच.265 लावलं की आवाज येतो, चित्र काळं. आवाज डीटीएस असेल तर उलटं, मुका सिनेमा. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये रुंदी, उंची आणि बिटरेट दिसतो. कोडेक व्हीएलसीच्या कोडेक इन्फर्मेशनमध्ये. 32 जीबीचा ड्राइव्ह रिकामा असूनही फाइल ‘फार मोठी’ म्हणून कॉपी होत नसेल, तर ड्राइव्ह फॅट32 या जुन्या फॉरमॅटचा आहे आणि फाइल त्याच्या मर्यादेच्या, 4 जीबीच्या, वर. ड्राइव्ह फॉरमॅट करून एक्सफॅट करता येतो, पण जुना टीव्ही तो वाचेलच असं नाही. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं. त्यापेक्षा 720पीची फाइल उतरवा.

मंडळासाठी स्वस्त प्रोजेक्टर आणणार असाल तर खोक्यावरचं ‘1080पी सपोर्ट’ वाचून भुलू नका. त्याचा अर्थ 1080पीची फाइल तो घेतो, एवढाच. पडद्यावर पडतं ते नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे प्रोजेक्टरचे स्वतःचे ठिपके, आणि ते बारीक अक्षरात कुठेतरी 800×480 असतं. अशा प्रोजेक्टरला 720पीच द्या. मोठ्या फाइलने त्याचा प्रोसेसर अडखळतो आणि ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे होतो. आदल्या संध्याकाळी त्याच पेन ड्राइव्हवरून, त्याच प्रोजेक्टरवर, सिनेमाच्या मधली दहा मिनिटं लावून बघा. सुरुवातीची नावं बऱ्याचदा नीट चालतात, गडबड पुढे होते.