बॅग सगळ्यात शेवटी भरायची

खारघरच्या भाच्याचा मेसेज आला, "मावशी, मे महिन्यात आम्ही दोघं आइसलँडला चाललोय. गाडी स्वतः चालवणार. यादी पाठव ना." त्याला बहुतेक एक्सेलची शीट हवी होती, टिकमार्कच्या चौकटींसकट. मी ठाण्यात गॅलरीत चहा घेऊन लिहायला बसले, तर निम्म्या गोष्टी बॅगेत मावणाऱ्या निघेनात. म्हणून हे असं सलग लिहिलंय. चौकटी तुझ्या तू आख.

आधी कॅलेंडर बघ. मे ही आपली सुट्टी, पण त्या बेटाचा मधला डोंगराळ भाग तेव्हा अजून बर्फातच असतो. तिथल्या ज्या रस्त्यांच्या नंबराआधी एफ लावलेला असतो, ते जूनच्या मध्यापासून एकेक करून उघडतात, काही तर जुलैत, आणि सप्टेंबरात पुन्हा मिटायला लागतात. लांदमानालाउगारचे रंगीत डोंगर तू फोटोत पाहिले असशील, ते या खेपेला यादीतून काढ. मेमध्ये बेटाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता, म्हणजे रिंग रोड, सुमारे 1320 किलोमीटर. तेवढा पुष्कळ आहे. जूनमध्ये रात्र होतच नाही म्हटलं तरी चालेल, मेच्या शेवटीही जवळपास तसंच, त्यामुळे डोळ्यांवर बांधायची पट्टी घे आणि उत्तर-प्रकाशाची, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सची, आशा सोड. तो बघायचा तर सप्टेंबर ते एप्रिलच्या काळोख्या रात्री हव्यात. गणपती उरकून निघालास तर दोन्ही थोडं थोडं साधतं. दिवाळीच्या सुट्टीत मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याने गाडीच्या फंदात पडू नये: दिवस लहान, रस्त्यावर बर्फाची पातळ काच.

दिवस किती? देश महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आणि माणसं चार लाखांच्या आत. 2011च्या जनगणनेत एकट्या ठाणे महापालिकेत 18 लाखांवर माणसं होती, यावरून रस्ते किती रिकामे असतील ते समज. दहा दिवसांत रिंग रोड म्हणजे रोजचं सरासरी अंतर ठाणे ते नाशिकएवढं. कागदावर हे फार सोपं वाटतं, आणि मग माणसं चार दिवसांत उरकायला निघतात. तू अकरा दिवस धर आणि अकरावा कोरा ठेव. त्या दिवशी हॉटेल नाही, धबधबा नाही, काही नाही. तो वाऱ्याचा दिवस. कुठे वापरावा लागेल ते आधी कळत नाही, पण लागतो. आम्हाला तो पाचव्या दिवशी लागला. वाऱ्यासाठी रस्ता बंद झाला आणि दिवसभर गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात पत्ते खेळलो.

कागदपत्रं पटकन सांगते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण मेच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, तेव्हा फेब्रुवारीतच उठ. 30,000 युरोंचं वैद्यकीय कवच असलेला विमा लागतो. घेताना ज्वालामुखीच्या राखेमुळे विमान रद्द झालं तर काय, ते कलम वाचून घे. 2010मध्ये एयाफ्यालायोकुलच्या राखेने अर्ध्या युरोपची विमानं जमिनीवर आणली होती. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून: तुझं पनवेल, एमएच 46, आमचं ठाणं, एमएच 04. फॉर्म 4ए, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. तो मूळ लायसन्सची सोबत करतो, त्याची जागा घेत नाही, म्हणून दोन्ही बरोबर ठेव. तुझं स्मार्ट कार्ड आईच्या पाकिटातल्या जुन्या कार्डासारखं पुसट झालं असेल तर नवं काढून घे, काउंटरवरच्या मुलीला ते वाचता आलं पाहिजे. आणि क्रेडिट कार्ड, ज्याच्या नावावर गाडी त्याच्याच नावाचं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू कर, पिन आठवतोय का बघ. तिथले बरेचसे पंप बिनमाणसांचे असतात. आधी कार्ड, मग पिन, मग पेट्रोल, आणि तोवर मोठी रक्कम अडकवून ठेवतात. प्रीपेड फॉरेक्स कार्ड तिथे कधी चालतं, कधी तोंड फिरवतं. टाकी अर्धी झाली की भर. पुढचा पंप दिसेल तेव्हा भरू, हे तिथे चालत नाही.

गाडी बुक करताना विमा हाच खरा अभ्यास. साध्या विम्यात खडीने फुटलेली काच धरत नाहीत, म्हणून ग्रॅव्हलचं वेगळं घ्यायचं. वाळू आणि राखेचं आणखी वेगळं. दक्षिणेला स्केइदारारसांदुर नावाचं काळ्या वाळूचं मैदान आहे, तिथे वारा सुटला की गाडीचा रंग सँडपेपरने घासल्यासारखा निघतो. नदी ओलांडताना झालेलं नुकसान सहसा कुठल्याच विम्यात नसतं, पण तू एफ रस्त्यावर जाणार नाहीस, तेव्हा ते सोड. आणि दार. वाऱ्याने दार उलटं फिरलं तर ते बहुतेक ठिकाणी तुझ्या खिशातून. आम्ही एका पंपावर थांबलो, वारा मागून होता, तुझ्या काकांनी एका हाताने दार उघडलं आणि दुसऱ्या हातात थर्मास. खट् असा आवाज झाला, बिजागरी वाकली, दार बोनेटकडे वळलं आणि पुन्हा नीट लागेना. पुढचे दोन दिवस ओढणीने बांधून गाडी चालवली. बिलाचा आकडा सासूबाईंना अजून सांगितलेला नाही. तेव्हा गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लाव, मग वारा दार बंदच करतो. आणि दोन्ही हातांनी धरून उघड. अंदाजात वारा मीटर प्रति सेकंदात देतात. त्याला 3.6ने गुण, म्हणजे 20 आकडा पाहून "इतकंच?" असं वाटणार नाही, ते ताशी 72 किलोमीटर असतं. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढ, काच आणि टायरसकट.

आता चालवणं. इथेच सगळ्यात जास्त तयारी आणि ती घोडबंदरवर करता येत नाही, कारण आइसलँडमध्ये गाड्या उजव्या बाजूने जातात. आपल्याकडे ड्रायव्हर रस्त्याच्या मधल्या रेषेला लागून बसतो ना, तिथेही तसाच बसतो. फक्त आरसा फिरवल्यासारखं. मी पहिले दोन दिवस मोठ्याने म्हणत होते, "माझा खांदा मधल्या रेषेकडे." तेवढ्याने चुकायचं टळलं. धोका सरळ रस्त्यावर नाही, तो पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना, कारण समोर बघून चालायला दुसरी गाडीच नसते. तिथे शेजारी बसलेल्याने "उजवीकडे" म्हणायचंच, हे काम आजच वाटून घ्या. इंडिकेटरची दांडी डावीकडे असते. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरवत होते. गाडी शक्यतो ऑटोमॅटिक घे, उजव्या हाताला काम कमी.

चौकात गोल असतात, गाड्या घड्याळाच्या उलट फिरतात, आणि दोन लेनच्या गोलात आतल्या लेनवाल्याला बाहेर पडताना आधी जाऊ द्यायचं असतं. हे तिथलंच वेगळेपण, युरोप फिरलेल्यांनाही माहीत नसतं. वेग गावात 50, खडीवर 80, डांबरावर 90, त्यापुढे कुठेच नाही. दिवे दिवसाही लागलेले हवेत. ऑटोवर ठेवलेस तर मागचे लागतीलच असं नाही, बटण हाताने फिरव. "एइनब्रेइद ब्रू" अशी पाटी दिसली की पुढे एकाच गाडीचा पूल. रिवाज असा की जो पुलाच्या जवळ तो आधी, दुसरा थांबतो. आपल्याकडचा "घुसेल त्याचा" हिशेब तिथे नको. "मालबिक एंदार" म्हणजे डांबर संपलं. पाटीपाशीच वेग उतरव, खडीवर गेल्यावर ब्रेक मारलास तर मागचं चाक सरकतं. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर ते आईकडे धावणारच असं धरून चाल. फोटोसाठी रस्त्यात थांबायचं नाही, कडेला जागाच नसते. आणि हॉर्न विसर. अकरा दिवसांत मी एकदा वाजवला, तोही चुकून.

फोनमधला नकाशा जवळचा रस्ता दाखवतो, चांगला नाही. पूर्वेला तो तुला 939 नंबरच्या ऑक्सी घाटातून पाठवेल. किलोमीटर वाचतात, पण खडी, तीव्र उतार आणि बहुतेक वेळा धुकं. तू समुद्राकाठचा एक नंबर धर. रोज सकाळी चहाबरोबर तीन ठिकाणं बघायची: हवेसाठी वेदुर डॉट आयएस, रस्त्यांसाठी उमफेर्दिन डॉट आयएस, इशाऱ्यांसाठी सेफट्रॅव्हल डॉट आयएस. 112 नावाचं ॲप उतरवून ठेव, तोच तिथला आपत्कालीन नंबर. रोमिंग बंद करू नकोस. वीक गावाच्या वर कातला ज्वालामुखी हिमनदीखाली दडलेला आहे, 1918मध्ये तो शेवटचा मोठा फुटला. हालचाल झाली तर त्या परिसरातल्या फोनवर मेसेज येतो, आणि तिथल्या लोकांना टेकडीवरच्या चर्चकडे जायचं पाठ आहे. आकुरेयरीजवळच्या वादलाहेइदी बोगद्याला टोलनाका दिसणार नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे आपण ऑनलाइन भरायचे, लगेच, नाहीतर गाडीवाल्यांमार्फत जास्त जातात.

तुझी आई बातम्या बघून फोन करेल की तिथे ज्वालामुखी फुटलाय म्हणे. तिला आधीच सांगून ठेव की रेक्यानेस द्वीपकल्पावर डिसेंबर 2023पासून पुन्हापुन्हा उद्रेक झालेत, ग्रिंदाविक गाव नोव्हेंबर 2023मध्येच रिकामं केलं होतं, पण लाव्हा जमिनीतल्या लांब भेगांतून येतो आणि एका पट्ट्यातच पसरतो. हवं तर सांग की आपण राहतो ती जमीनही तशीच झालेली आहे. खारघरच्या पांडवकडा धबधब्याचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आइसलँडमधला जुन्यात जुना दगड दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा, म्हणजे आपलाच धाकटा भाऊ. रेनिसफ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर षटकोनी खांब बघशील तेव्हा अंधेरीच्या गिल्बर्ट हिलची आठवण येईल. पण तिथे खांबांकडे बघताना समुद्राला पाठ करू नकोस. दहा-पंधरा लाटा साध्या येतात आणि मग एक येते ती पार खांबांच्या पायथ्यापर्यंत. माणसं गेलीत तिथे. वाहनतळावर लाल-पिवळे दिवे लावलेत, ते लागलेले असताना पुढे जाणारे दिसतील, अगदी पांडवकड्याच्या बंदीच्या पाटीखालून जाणाऱ्यांसारखे. तुम्ही दोघं मागे राहा. दक्षिणेलाच 1783च्या लाकी उद्रेकाचा लाव्हा आहे, मऊ शेवाळाची गादी पांघरलेला. त्यावर पाय ठेवायचा नाही, उमटलेला ठसा कित्येक वर्षं बुजत नाही. रस्ता सोडून गाडी घालणं तर गुन्हाच, दंड सुट्टीच्या खर्चाइतका होऊ शकतो.

राहिली बॅग. छत्री नको, वारा तिचा सांगाडा करतो. जीन्सही नको, भिजली की दिवसभर ओलीच. आत लोकर किंवा थर्मल, मधे फ्लीस, वर वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट. खाली पावसाची पँट महागातली घेऊ नकोस. तुझ्या स्कूटरवरचा रेनसूट आहे ना, त्याची पँट घे. मी काकांची घातली होती, सेल्यालांद्सफॉसच्या धबधब्यामागून चालत जाऊन आले आणि गुडघे कोरडे. मीवात्न तळ्याकडे उन्हाळ्यात चिलटं नाकाडोळ्यांत जातात, डोक्यावरची जाळी मुठीएवढी होते, असू दे. पोहण्याचे कपडे हवेतच, गावागावात गरम पाण्याचे तलाव आहेत. फक्त उतरण्याआधी साबणाने, अंगावर काहीही न ठेवता आंघोळ करायची, सगळ्यांसमोर. पहिल्यांदा आपल्याला पोटात गोळा येतो, बाकी कुणी बघतही नाही. आपली बारीक दोन पिनांची चार्जर तिथल्या प्लगात जातात, जाड तीन पिनांची नाहीत.

खायला थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. तूप आणि पेढे नकोत, युरोपाबाहेरून दुधामांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. हॉटेलात रोज जेवलास तर परतीचं तिकीट विकावं लागेल, म्हणून स्वयंपाकघर असलेली घरं घे आणि गुलाबी डुकराची पाटी दिसेल तिथे, बोनस नावाच्या दुकानात, बाजार कर. तिथे स्कीर मिळतं, थेट आपला चक्का. साखर घालून घोट, वेलची-केशर टाक, श्रीखंड तयार. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नकोस, थंड नळाचं पाणी तसंच प्यायचं. गरम नळाला सडक्या अंड्याचा वास येतो, ते जमिनीतलं गंधकाचं पाणी. त्यानेच चांदी काळी पडते, तेव्हा भाचेसुनेला जोडवी आणि पैंजण इथेच काढून ठेवायला सांग. वेलची मी कुटून देते. रविवारी ठाण्याला या आणि रेनसूटची पँटही आण, मापाची आहे का बघू.