बोट ओढून नेण्याआधी ट्रक आणि ट्रेलरचे टायर कसे तपासावेत

ट्रकच्या टायरची हवा कमी झाली की स्टिअरिंगच सांगतं. ट्रेलरच्या टायरचं तसं नाही. तो बसला तरी ड्रायव्हरला बराच वेळ पत्ता लागत नाही. दोन एक्सलचा ट्रेलर असेल तर शेजारचा टायर मुकाट्याने दोघांचं ओझं उचलतो आणि पुढे तोही फुटतो. म्हणून ट्रेलरचे टायर गाडी हलवण्याआधी, गेज लावून आणि हाताने चाचपून तपासावेत. लाथ मारून काही कळत नाही. या टायरच्या बाजू इतक्या कडक असतात की दहा-पंधरा पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा कमी असली तरी टायर ताठच दिसतो.

सामान थोडंच लागतं: १०० पीएसआयपर्यंत मोजणारं गेज (कारसाठीची साधी गेजं बऱ्याचदा ५०-६० लाच संपतात), टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा), नक्षीची खोली मोजायची पट्टी, साबणाच्या पाण्याची बाटली आणि टॉर्च.

आधी टायरवरचं लिखाण वाचा

ट्रेलरच्या टायरवर आकाराच्या आधी ‘एसटी’ ही अक्षरं असावीत. हा टायर खास ट्रेलरसाठी बनवलेला असतो. त्याच्या बाजू जाड असतात, त्यामुळे वळणावर ट्रेलर कमी झुलतो. ‘पी’ म्हणजे कारचा टायर. तो ट्रेलरला लावायची वेळ आलीच तर त्यावर लिहिलेल्या वजनाला १.१ ने भागून येईल तेवढंच वजन धरायचं. उलट एसटी टायर ट्रकला कधीच लावू नये. स्टिअरिंग आणि इंजिनचा जोर सांभाळायला तो बनवलेलाच नाही.

त्यानंतर ‘लोड रेंज’ पाहा. सी, डी, ई अशी अक्षरं असतात आणि त्यांना हवा साधारण ५०, ६५ आणि ८० पीएसआय लागते. अक्षराच्या जवळच एका टायरने जास्तीत जास्त किती वजन, किती हवेवर पेलायचं ते छापलेलं असतं. खरं काम त्या आकड्याशी आहे.

एका एक्सलच्या ट्रेलरचा हिशेब करून पाहू. बोट ११०० किलो, इंजिन २००, दीडशे लिटर पेट्रोल म्हणजे ११०, नांगर-दोर-बॅटरी-बर्फाची पेटी मिळून १००, आणि ट्रेलर स्वतः ४०० किलो. एकूण १९१०. यातलं दहा टक्के, म्हणजे १९० किलो, हिचवर (ट्रकच्या मागे ट्रेलर जोडतात त्या जागी) येतं. उरलेलं १७२० दोन टायरांवर, म्हणजे प्रत्येकी ८६०. आता ट्रेलरवर २०५/७५ आर १४ मापाचा सी रेंजचा टायर असेल, तर तो ५० पीएसआयला फक्त ७९८ किलो पेलतो. नवा कोरा, पूर्ण हवेचा टायरसुद्धा इथे पहिल्या फेरीपासून ६२ किलो जादा ओढतोय. त्याच मापाचा डी रेंजचा टायर ६५ पीएसआयला ९२५ किलो पेलतो. तो चालेल, पण फार मोकळीक राहत नाही, कारण बोटीचं वजन डाव्या-उजव्या बाजूला कधीच सारखं नसतं. बोट विकणारा सांगतो ते वजन बहुतेक वेळा रिकाम्या बोटीचं, कधीकधी इंजिनाशिवायचं असतं. शंका असेल तर पूर्ण भरलेला ट्रेलर एकदा वजनकाट्यावर घालाच.

डी किंवा ई रेंजला जाताना रिम आणि व्हॉल्व्हही पाहावे लागतात. रिमवरही वजनाची आणि हवेची मर्यादा ठोकलेली असते. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. त्यावर हवा भरायची तर धातूचा किंवा जास्त दाबाचा व्हॉल्व्ह हवा.

वेगाचं अक्षरही तपासा. एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एम म्हणजे १३०. एसटी टायरवर वेगाचं अक्षरच नसेल तर १०५ ही हद्द धरा.

हवा

हवा थंड टायरमध्येच मोजायची. गाडी निदान तीन तास उभी असावी, आणि टायरवर एका बाजूने ऊन पडलेलं नसावं. ट्रेलरच्या टायरमध्ये बाजूवर छापलेली कमाल थंड हवा भरा. ‘थोडी कमी ठेवली की बोटीला धक्के कमी बसतात’ हा सल्ला बरेच जण देतात, आणि बरेच टायर त्यानेच जातात. वरच्या उदाहरणातल्या सी रेंजच्या टायरमध्ये ५० ऐवजी ४० पीएसआय असेल तर त्याची ताकद सातशे किलोच्या आसपास येते. शिवाय हवा कमी असली की बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने गरम होते, आणि उष्णतेने आतले थर सुटायला लागतात. शेवटी नक्षीचा अख्खा पट्टा सोलून निघतो आणि मडगार्ड, लाइटची वायर, ब्रेकचा पाइप असं जे वाटेत येईल ते फाडतो.

तापमान दर ५-६ अंश सेल्सिअस वाढलं की हवा साधारण १ पीएसआय वाढते. चालून गरम झालेला ५० चा टायर ५५ ते ५८ दाखवील; ते ठीक आहे. अशा वेळी हवा सोडू नका. सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर कमी हवेचा निघेल.

ट्रकची हवा मात्र टायरवरचा आकडा पाहून भरायची नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर पुढच्या-मागच्या टायरचे आकडे असतात. ओढताना मागच्यांसाठी वेगळा आकडा असेल तर तो गाडीच्या पुस्तकात सापडतो. हिचवरचे १९० किलो मागच्या एक्सलवर फक्त १९० राहत नाहीत, हेही लक्षात असू द्या. हिच एक्सलच्या १.२ मीटर मागे आणि दोन एक्सलमधलं अंतर ३.३ मीटर असेल, तर मागे जवळजवळ २६० किलो पडतात आणि पुढचा एक्सल ७० किलोने हलका होतो. त्यात बोटीचं सामान ट्रकच्या हौद्यात टाकलं तर तेही बहुतेक मागच्याच टायरवर.

मागे जोडचाकं असतील तर आतल्या टायरला गेज लावायचा कंटाळा करू नका. बाहेरचा टायर त्याला धरून ठेवतो, म्हणून तो बसलेला दिसतच नाही.

वय आणि अंग

बोटीच्या ट्रेलरचा टायर झिजून क्वचितच जातो. उभ्या उभ्या म्हातारा होऊन जातो. टायरवर ‘डॉट’ने सुरू होणारी अक्षरमाला शोधा. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२१ असेल तर २०२१ चा २३ वा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, कधी नेमके आतल्या. ट्रेलरखाली शिरून पाहावं लागलं तरी पाहा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असो, बदलून टाका. स्टेपनीलाही हाच नियम, कारण ती बाहेर लटकून ऊन खात असते.

मग हात फिरवा. बाजूला नखात अडकेल अशी भेग किंवा अंगठ्याएवढा फुगवटा लागला तर टायर बाद. फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेत. त्याला दुरुस्ती नाही. नक्षीवर आडवा हात फिरवताना चढ-उतार लागले तर थर सुटायला सुरुवात झाली असेल. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी किंवा वजन जास्त. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली असेल तर एक्सल वाकलाय किंवा तिरका बसलाय. तिथे नवा टायर घालणं म्हणजे पैसे पाण्यात. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर बॅलन्सिंग किंवा बेअरिंग बघा.

नक्षी १.६ मिलिमीटरला आली की टायर संपला. पण ट्रकच्या मागच्या टायरला ४ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. ओल्या, शेवाळलेल्या रॅम्पवरून भरलेली बोट वर खेचायची असते ती त्यांच्याच जोरावर.

खिळा नक्षीच्या मधोमध असेल आणि भोक ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर टायर उतरवून आतून पॅच मारून घ्या. कडेला किंवा बाजूला पंक्चर असेल तर टायर टाकावाच लागतो.

खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरची हवा हळूहळू उतरत असेल तर पंक्चर शोधत बसण्याआधी रिमची कड आणि व्हॉल्व्हचं बूड यांवर साबणाचं पाणी सोडा. रिम गंजून टायरची कड नीट बसत नाही, आणि बुडबुडे तिथेच येतात.

नट आणि हब

चाकाचे नट समोरासमोर, चांदणीच्या क्रमाने आवळा. किती टॉर्क हे ट्रेलरच्या पुस्तकात असतं. अर्धा इंची बोल्टला साधारण १२० ते १६० न्यूटन-मीटर. चाक काढून लावलं असेल तर ८० ते १५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. बोल्टना ग्रीस लावू नका, त्याने पाना खोटा टॉर्क दाखवतो.

पहिला थांबा तीस-चाळीस किलोमीटरवरच घ्या. प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाजवळ) हाताची मागची बाजू न्या. कोमट असेल तर हरकत नाही. एकच हब हात ठेववत नाही इतका तापला असेल तर बेअरिंग कोरडं पडलंय किंवा ब्रेक घासतोय, आणि ती उष्णता रिममधून टायरला जाते. पुढे दर दोन तासांनी हीच फेरी. दोन एक्सलच्या ट्रेलरचा एक टायर फुटला असेल तर त्याच बाजूचा दुसरा उतरवून आतून तपासून घ्या. त्याने काही काळ दुप्पट वजन ओढलेलं असतं.

रॅम्पवर पोचल्याबरोबर ट्रेलर पाण्यात घालू नका. गरम हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. वीस-तीस मिनिटं थांबा. तेवढ्यात पट्टे सोडणं, बोटीच्या तळाचं बूच बसवणं ही कामं होतात. बाहेर आल्यावर रिम, नट आणि हब गोड्या पाण्याने धुवा.

निघताना ट्रकमधला जॅक ट्रेलरच्या एक्सलखाली जातो का, आणि ट्रकचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, हे घरीच लावून पाहा. बऱ्याचदा दोन्ही मापं वेगळी निघतात.