लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी होमर कबूतर कसं तयार करावं

दावणगेरे ते पुणे सरळ रेषेत साधारण ५०० किलोमीटर. सकाळी साडेसहाला सोडलेलं होमर ताशी ७० किलोमीटरनं आलं, तर दुपारी पावणेदोनच्या आसपास गच्चीवर उतरतं. या सात तासांत त्याला कुणी हाकत नाही, दाणे दाखवत नाही, वाट सांगत नाही. तुंगभद्रा, घटप्रभा, कृष्णा ओलांडायच्या, साताऱ्याच्या कड्यांवर टपलेला बहिरी ससाणा चुकवायचा, आणि हे सगळं का, तर घरी जायचंय म्हणून. ही शर्यत आहे हे त्याच्या गावीही नसतं. त्यामुळे तयारीचं निम्म्याहून जास्त काम ढाबळीतच, म्हणजे कबुतरांच्या घरातच, होतं, आणि बहुतेक नवशिके नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं करतात.

आपल्याकडे गच्चीवरची कबुतरं म्हटलं की लोकांना उंच उडणारी, दिवसभर डोक्यावर घिरट्या घालणारी जात आठवते. ती वेगळी. इथे बोलतोय ते होमरबद्दल, लांब नेऊन सोडल्यावर घर गाठणाऱ्या कबुतराबद्दल.

१. आधी ढाबळ

कोरडी, हवेशीर, पण वाऱ्याचा झोत थेट अंगावर न येणारी. तोंड शक्यतो पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. प्रत्येक जोडीला स्वतःचा खण, आणि तो खण हंगामभर बदलायचा नाही. जागा कमी असेल तर कबुतरं कमी ठेवा. मोठ्या ढाबळीत गर्दी करून पन्नास ठेवण्यापेक्षा वीस नीट ठेवणारा माणूस पुढे असतो.

ढाबळ चारही बाजूंनी बंद नको. वारा आत खेळला पाहिजे, आणि हे फक्त आरोग्यासाठी नाही. कबूतर दिशा ठरवायला सूर्य वापरतं, पृथ्वीचं चुंबकत्व वापरतं, आणि वासही वापरतं. इटलीत पिसाच्या फ्लोरियानो पापी यांनी १९७० च्या दशकात वासाचे प्रयोग केले, तेव्हापासून हा मुद्दा शास्त्रज्ञांच्या चर्चेत आहे. कोणत्या दिशेच्या वाऱ्याबरोबर कोणता वास येतो हे पिल्लू ढाबळीच्या जाळीशी बसूनच शिकतं. पत्र्याच्या बंद खोक्यात वाढवलेल्या पिल्लाकडून मग कसली अपेक्षा ठेवायची?

विष्ठा खरवडताना तोंडाला मास्क लावाच. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये झालेला वाद सगळ्यांनी वाचलाय. कोणाची बाजू कोणती ते सोडा, ती धूळ फुप्फुसाला वाईट हे खरं आहे.

२. कोण जाणार आणि कोण नाही

त्याच वर्षीच्या पिल्लाला २०० किलोमीटरपुढे नेऊ नका. वर्षाचं झालं की ५०० पर्यंत. त्यापुढचा पल्ला दोन-तीन वर्षांच्या, दोन हंगाम पाहिलेल्या पक्ष्याचा. पायातल्या रिंगवर जन्मवर्ष असतं, त्यामुळे वयाबाबत स्वतःला फसवायला वाव नाही. ही अखंड रिंग पिल्लू आठवड्याचं असताना चढवतात. नंतर ती पायात जात नाही.

मोठं कबूतर विकत आणून थेट उडवायचा मोह टाळा. सुटलं की ते जुन्या मालकाकडे जातं. २०२० मध्ये बेल्जियममधली ‘न्यू किम’ नावाची मादी १६ लाख युरोंना विकली गेली. एवढं महाग कबूतर कुणी आकाशात सोडत नाही, ते पिल्लांसाठीच घेतात. आपणही तेच करावं. चांगल्या जोडीची पिल्लं आणावीत, किंवा जोडी कोंडून ठेवून तिची पिल्लं उडवावीत.

आता हातात घेऊन बघा. पाय दोन बोटांत, छाती तळहातावर. चांगल्या तब्येतीचं कबूतर दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं, छातीचा मांसल भाग घट्ट आणि गुलाबी असतो. पंख उलगडा. बाहेरची मोठी पिसं दहा. ती आतून बाहेर एकेक करून गळतात आणि नवी येतात. टोकाची दोन-तीन गळालेली किंवा अर्धी वाढलेली असतील तर तो पक्षी लांबच्या शर्यतीतून बाद. पिसावर आडवी रेघ किंवा कातरल्यासारखी खूण दिसली, तर ते पीस वाढत असताना पक्षी उपाशी किंवा आजारी होता. चोच उघडून घसा बघा. पिवळट, चिकट थर असेल तर कँकर हा घशाचा रोग आहे, पशुवैद्याला गाठा.

औषधांबद्दल एवढंच: विष्ठा तपासून घ्या, मगच औषध द्या. मान वाकडी करणारा रोग कोंबड्यांच्या राणीखेतच्या कुळातल्याच विषाणूचा. लस पशुवैद्याला विचारून हंगामाच्या बरीच आधी उरका. शर्यतीच्या आठवड्यात नवं औषध, नवं टॉनिक, काही नको. सकाळी ढाबळीत गेल्यावर विष्ठा घट्ट, तपकिरी, वर पांढरी टोपी असलेली आणि जमिनीवर बारीक मऊ पिसं पडलेली दिसली, की समजा गडी फॉर्मात आहेत.

३. सराव

पिल्लू चार-पाच आठवड्यांचं झालं की ढाबळीच्या फळीवर बसून आजूबाजूचा परिसर बघू द्या. दाणा देताना शिट्टी, किंवा डब्यात मका खुळखुळवणं. आवाज रोज तोच. पुढे शर्यतीहून आलेलं कबूतर गच्चीच्या कठड्यावर वीस मिनिटं पिसं साफ करत बसतं आणि आपण खाली तडफडत असतो, तेव्हा या शिट्टीची किंमत कळते. वेळ नोंदवली जाते ती पक्षी आत शिरल्यावर.

मग रोज सकाळ-संध्याकाळ घराभोवती उडवणं आणि टप्प्याटप्प्यानं लांब नेणं. पुण्याहून बंगळूर रस्त्यानं सरळ रेषेतली अंतरं साधारण अशी: शिरवळ ४०-४५ किलोमीटर, सातारा ९५, कराड १४०, कोल्हापूर २०५, बेळगाव ३००, हुबळी ३७५. सुरुवात पाच-दहा किलोमीटरपासून, सकाळी, उपाशीपोटी. शिरवळपर्यंत घाई न करता पोचा, तिथून तीन-चार वेळा सोडा, त्यातल्या एक-दोन वेळा एकेकटं. थव्याबरोबर आलेलं कबूतर वाट शिकलंच असेल असं नाही, ते कुणाच्या तरी मागे आलेलं असू शकतं.

आभाळ भरलेलं असेल तर परत फिरा. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम कीटन यांनी १९७१ मध्ये दाखवलं होतं की कबुतराला लोहचुंबक बांधलं तर ढगाळ दिवशी ते भरकटतं, ऊन असलं की बहुधा नाही. सूर्य दिसत नसला की ते चुंबकत्वावर जास्त विसंबतं. कोवळ्या पिल्लाला पहिल्याच खेपेला अशा कसोटीला घालू नये.

आणि संक्रांतीच्या आठवड्यात कबुतरं बाहेर काढू नका. नायलॉन मांजावर बंदी आहे, पण आकाशात तो असतोच. पंखाच्या सांध्यावर मांजा लागलेलं कबूतर चालत घरी आलेलं मी पाहिलंय.

४. दाणा

एका पक्ष्याला दिवसाला साधारण ३० ग्रॅम. म्हणजे वीस कबुतरांना ६०० ग्रॅम, तराजूवर तोललेले, अंदाजे ओतलेले नव्हेत. रोजच्या मिश्रणात ज्वारी, बाजरी, मका, मसूर, मूग, वाटाणा. शिवाय शिंपल्यांचा चुरा आणि विटेची बारीक खडी कायम समोर.

लांब पल्ल्याचं उड्डाण चरबीवर चालतं, म्हणून शर्यतीच्या आठवड्यात सुरुवातीला हलकं खाणं, ज्वारी आणि सातू जास्त. शर्यतीच्या ठिकाणी न्यायच्या पेटीत बसवण्याआधीच्या तीन दिवसांत मका वाढवायचा, करडई घालायची आणि संध्याकाळी पक्ष्यामागे आठ-दहा कच्चे शेंगदाणे. शेंगदाणे आधी नाकाला लावा. किंचित खवट किंवा कुबट वास आला तर सगळी पिशवी फेका. बुरशी लागलेल्या शेंगदाण्याचं विष यकृतावर जातं आणि ते भाजूनही जात नाही. दाण्यात काटकसर करणाऱ्यांनी दुसरा छंद शोधावा.

५. ओढ लावणं

इथे थोडं थांबायला हवं. ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून संदेशवाहक कबुतरं पाळली होती आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्यावर ती कामाला आली. त्यांच्याकडे दुहेरी निरोपाचीही पद्धत होती: कबुतराला राहायला एका ठिकाणी, खायला दुसऱ्या ठिकाणी. ते आपसूक दोन्हीकडे ये-जा करायचं. घराची ओढ आपल्याला घडवता येते, ती अशी. शर्यतीत फक्त दाण्याच्या ओढीनं ५०० किलोमीटर भागत नाहीत. त्याला जोडीदार आणि घरटं लागतं.

मादी पहिलं अंडं बहुतेक संध्याकाळी घालते, दुसरं सुमारे ४४ तासांनी. त्यानंतर १७-१८ दिवसांत पिल्लं. नर साधारण सकाळी दहा ते दुपारी चार बसतो, बाकी वेळ मादी. अंड्यावर आठ-दहा दिवस झाले की जोडी घरट्याला चिकटते, हात घातला तर पंखानं फटका मारते. हीच वेळ साधायची.

उलटी मोजणी करा. शर्यत रविवारी, पेट्या गुरुवारी भरणार. गुरुवारी मादी अंड्यावर दहाव्या दिवशी हवी, म्हणजे दुसरं अंडं आदल्या आठवड्याच्या सोमवारी. जोडी लावल्यापासून दुसऱ्या अंड्यापर्यंत दहा-अकरा दिवस जातात. म्हणून जोडी लावायची पेट्या भरायच्या तीन आठवडे आधी. आधीच अंड्यावर असलेल्या जोडीची अंडी काढून घेतली, तर ती साधारण दहा दिवसांनी पुन्हा घालते. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. लक्षात राहत नाहीत.

काही माद्या अंड्यापेक्षा पाच-सहा दिवसांच्या पिल्लावर जास्त जोरात येतात. कुठली मादी कशावर येते हे वहीच सांगते. मात्र अंडं घालायच्या बेतात असलेली मादी कधीही पाठवू नका, आणि पिल्लं फुटायच्या तोंडावर पेटीत कोंडणंही वाईट, कारण त्या वेळी गळ्याच्या पिशवीत दूध उतरत असतं आणि ते भरवायला समोर पिल्लू नसतं.

नरांसाठी बेल्जियममध्ये विधुर पद्धत रूढ आहे. एक वीण झाली, दुसऱ्या अंड्यांवर आठ-दहा दिवस बसून झाले, की मादी आणि अंडी काढून घेतात. नर आपल्या खणात एकटा. शर्यतीला जाण्याआधी पाच-दहा मिनिटं मादी दाखवतात, परत आला की ती खणात हजर. बार्सिलोनाहून बेल्जियमपर्यंतच्या हजार किलोमीटरच्या वर असलेल्या शर्यतीत, जी दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला होते, या पद्धतीचे नर असतात आणि अंड्या-पिल्लांवरून आलेल्या माद्याही.

या पद्धतीत वायदा मोडला की संपलं. माझा ठिपक्या बेळगावहून एकदा पावणेपाच तासांत आला. माझ्या ढाबळीतला त्या दिवशीचा पहिला. खण रिकामा. तो इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं म्हणून मी मादीला खालच्या पिंजऱ्यातच ठेवून जेवायला बसलो होतो. तो खणात गोल फिरत घुमत राहिला, दाण्याकडे बघितलं नाही. दोन आठवड्यांनी हुबळीहून तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, पायाला चिखल, पण पोट भरलेलं. कुठेतरी शेतात मजेत राहिला होता. योगायोगही असेल. पण तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी मी गच्चीवरच जेवतो.

६. पेटी

कबूतर पेटीत दोन-तीन दिवस काढतं आणि सवय नसेल तर पाणी पीत नाही. म्हणून महिनाभर आधीपासून आठवड्यातून एक रात्र पेटीत ठेवा, बाहेरून अडकवलेल्या पन्हाळीतून प्यायला शिकवा. नर आणि माद्या वेगळ्या पेट्यांत. आंघोळीला परात दोन दिवस आधी द्यायची, निघायच्या दिवशी नाही.

पुण्याहून बंगळूर सरळ रेषेत ७३० किलोमीटरच्या घरात. ताशी ७० नं साडेदहा तास. डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तास. वारा जरा समोरून आला तर रात्र वाटेत काढावी लागणार, आणि होमर सहसा अंधारात उडत नाही. अशा शर्यतीला पाण्याची आणि शेतात चरण्याची अक्कल असलेला पक्षीच पाठवावा. दख्खनवर मार्चपासून ऊन चढतं. तोवर लांबचे पल्ले उरकलेले बरे.

७. परत आल्यावर

पळत जाऊन पकडू नका. शिट्टी, मूठभर दाणे, आत येऊ दे. निकाल पोचण्याच्या क्रमावर लागत नाही, वेगावर लागतो, कारण प्रत्येकाची ढाबळ वेगळ्या अंतरावर: ५०० किलोमीटर साडेसात तासांत म्हणजे मिनिटाला ११११ मीटर. पाण्यात चिमूटभर इलेक्ट्रोलाइट, पहिल्या दिवशी हलका दाणा, जोडीदार संध्याकाळपर्यंत सोबत. दुसऱ्या दिवशी आंघोळ. ५०० च्या शर्यतीनंतर किमान दोन आठवडे पुढचं नाव काढू नका.

आणि तुमच्या गच्चीवर दुसऱ्याचं रिंगवालं कबूतर उतरलं, तर ते कोंडू नका. पाणी ठेवा, ज्वारी टाका, रिंगचा नंबर टिपून घ्या. अंधार झाला असेल तर रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी ऊन वर आलं की हात मोकळे करा.