वस्तरा घासायला शिकताना: सगळी भिस्त १००० नंबरच्या दगडावर

सुरीला धार लावताना कोन हातानं धरावा लागतो. वस्तऱ्याचा कोन त्याच्या पाठीतच घडवलेला असतो. पाठ आणि धार एकाच वेळी दगडावर टेकवली की कोन आपोआप बसतो. धारेपासून पाठीपर्यंत पातं १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून कोन साधारण १६ अंश भरतो. घासताना धारेबरोबर पाठही झिजते, म्हणून वर्षानुवर्षं घासूनही कोन फारसा हलत नाही. हे कळलं की नवशिक्याची निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी असू द्यावी, कारण ओढीच्या मध्येच पाठ उचलली गेली तर धार दगडावर खुडली जाते आणि तासाभराचं काम एका क्षणात वाया जातं.

शिकायला दोन वस्तरे हवेत. एक जाणकारानं धार लावून दिलेला. त्यानं रोज दाढी करायची आणि तो चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायला शिकायचं. खरी धार गालाला कशी लागते हेच ठाऊक नसेल, तर आपण लावलेली धार कच्ची आहे की पक्की हे ठरवणार कसं? दुसरा वस्तरा घासायला. तो स्वस्त असला तरी चालेल, पण वाकडा नको. काचेवर आडवा ठेवून चार कोपऱ्यांवर बोट दाबून पाहा. डुगडुगला तर पातं पिळलेलं आहे, ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. धार मध्यभागी किंचित बाहेर आलेली असेल तर तो दोष नव्हे, बरेच जुने वस्तरे तसेच घडवलेले असतात. आत खचलेली असेल तर मात्र मागच्या कोणीतरी चुकीचं घासलंय. धारेला लागून गंजाचे काळे खड्डे असतील तर तो वस्तरा घेऊच नका. पोलाद आतून पोखरलेलं असतं, कितीही घासा, धार त्या जागी तुटत राहते.

दगड चार पुरतात: १०००, ४००० किंवा ५०००, ८००० आणि १२०००. नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक. साधारण २० सेंटिमीटर लांब, ७ सेंटिमीटर रुंद. कुठला दगड भिजत घालायचा आणि कुठल्यावर नुसतं पाणी शिंपडायचं हे बनवणाऱ्यानं सांगितलेलं असतं, तेच पाळा. काही दगड पाण्यात पडून राहिले तर मऊ पडतात, तडकतात. बेल्जियमचा पिवळसर कॉटिक्यूल किंवा जपानी नैसर्गिक दगड यांचा मोह सुरुवातीला आवरा. ते उत्तमच असतात, पण प्रत्येक दगडाचा स्वभाव वेगळा. चूक हाताची की दगडाची, हे कळत नाही.

नवा दगडही सपाट असेलच असं नाही. दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखा, जाड काचेवर २२० ते ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यानं चिकटवा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड घासा. हिऱ्याची प्लेट असेल तर काम लवकर होतं. शेवटी दगडाच्या चारही कडा तिरक्या घासून बोथट करा. टोकदार कडेवर धार अडकली की चिप, म्हणजे धारेचा बारीक तुकडा, निघालीच.

पाठीवर टेप लावावी की नाही यावर जाणकारांचं कधीच एकमत होत नाही. नवशिक्यानं इन्सुलेशन टेपचा एक थर जरूर लावावा. पाठीवर ओरखडे पडत नाहीत, आणि कोन जेमतेम एका अंशानं वाढतो. फक्त दगड बदलला की टेपही बदला. झिजलेल्या टेपनं कोन बदलतो, शिवाय तिच्यात रुतलेले जाड कण बारीक दगडावर उतरतात.

पकड अशी: पात्याला लागून असलेला पोलादी दांडा अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बाकीची बोटं सैल. बाजू बदलताना मनगट वळवायचं नाही. पातं पाठीवर टेकलेलं ठेवून दांडा बोटांत लाटण्यासारखा फिरवायचा. घासताना धार पुढे आणि पाठ मागे. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असल्यामुळे ओढ तिरकी जाते: दगडाच्या या टोकाला मुठीकडचा भाग टेकलेला, त्या टोकाला पोहोचेपर्यंत पात्याचं टोक. परतीची ओढही तशीच, म्हणजे फुलीचा आकार होतो. मुठीजवळ पात्याचा जो जाड खांदा असतो तो दगडावर चढू देऊ नका. तो चढला की शेजारची धार हवेत राहते आणि तिथे कधीच धार येत नाही. तीन-चार मिलिमीटर जागा सोडा.

आता १००० नंबर. वस्तऱ्याच्या दोन्ही बाजूंचे उतार एका रेषेत, टाचेपासून (मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत, कुठेही खंड न पडता भेटले पाहिजेत. याला कारागीर ‘बेव्हल बसवणं’ म्हणतात. हे झालं नसेल तर पुढचे तिन्ही दगड बोथट रेषेला फक्त चकाकी देतात, आणि नवशिक्यांची धार बहुतेक वेळा इथेच कच्ची राहते. दहा मिनिटांत १००० उरकायचा आणि १२०००वर तासभर घालवायचा, हा उलटा हिशेब आहे. वस्तरा बोथट असेल तर या एकट्या दगडावर तास-दोन तास जाऊ शकतात.

आधी दोन्ही उतारांवर मार्कर पेननं शाई लावा आणि चार-पाच ओढी मारा. शाई कुठे पुसली, कुठे राहिली ते भिंगाखाली पाहा. धारेच्या अगदी काठावर शाई उरली तर दगड अजून धारेपर्यंत पोहोचलेला नाही. मग एका बाजूनं वीस, दुसऱ्या बाजूनं वीस, असं मोजून घासत राहा. दाब तर्जनीनं पाठीकडे, तोही हलका. खोलगट घडवलेल्या, पातळ पात्यावर जास्त दाब दिला की पातं लवतं, धार दगडावरून उचलली जाते आणि उतार मागेच झिजत राहतो.

पाण्याकडे लक्ष ठेवा. धार दगडाला नीट टेकली असेल तर पाण्याची बारीक लाट धारेपुढे पात्यावर चढते. एखाद्या जागी पाणी धारेखालून निसटत असेल तर तिथे काम बाकी आहे. दुसरी परीक्षा उजेडाची: एका दिव्याखाली धार वर करून थेट तिच्यावर पाहा. जुळलेली धार दिसतच नाही. जिथे बारीक ठिपका चमकतो तिथे ती सपाट, म्हणजे बोथट आहे. तिसरी परीक्षा हाताच्या केसांची. धारेचा प्रत्येक सेंटिमीटर कातडीलगत फिरवून पाहा, केस जोर न लावता निघाले पाहिजेत. नखावर धार फिरवून पाहण्याची जुनी रीतही आहे, पण तिनं धार थोडी खराब होते. ती फक्त १०००वरच करावी.

वीस-वीस ओढी एकाच बाजूनं मारल्यानं दुसऱ्या बाजूला पोलादाची बारीक कोर उलटते. ती राहिली तर पुढे तीच धार भासते आणि पहिल्याच दाढीत तुटते. म्हणून शेवटच्या वीस-तीस ओढी एक इकडे, एक तिकडे, अशा निव्वळ पात्याच्या वजनानं मारा.

पुढचं काम तुलनेनं सोपं. ४०००वर चाळीस-पन्नास फेऱ्या, १०००चे ओरखडे भिंगाखाली दिसेनासे होईपर्यंत. ८०००वर तितक्याच, दाब आणखी कमी. १२०००वर वीस-तीस पुरे, इथे दाब शून्य. दगड बदलण्याआधी पातं, हात आणि टेबल धुवून घ्या. १०००चा एक कण १२०००वर गेला तर धारेवर नवा ओरखडा पडतो.

चामड्याच्या पट्ट्यावर दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. आधी कापडी बाजूवर तीस, मग चामड्यावर साठ फेऱ्या. पट्टा ताणलेला हवा. तो झोळीसारखा सैल असला की धार वाकून गोल होते. वळताना पाठीवरूनच वळा, नाहीतर पट्ट्यालाच चीर पडते. पट्ट्याला चोळायची, धार घोटणारी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लगेच वापरू नका. ती कच्ची धार तात्पुरती झाकते, आणि आपलं कुठे चुकलं हे समजत नाही.

शेवटची परीक्षा गालावरची. केस ओढले गेले, उपटल्यासारखे वाटले, तर ८०००वर परतून उपयोग नाही; बेव्हल बसलेलाच नाही, १०००वर जा. केस निघतात पण नंतर कातडी चुरचुरते, असं असेल तर १२००० आणि पट्टा कमी पडलाय. पात्याचा एकच भाग ओढत असेल तर तेवढ्याच भागावर शाई लावून पुन्हा पाहा. बहुधा तिथे खांदा दगडावर चढलाय किंवा दगड सपाट राहिलेला नाही. दाढी झाल्यावर पातं धुवून कोरडं करा, धारेवरून बोट न फिरवता पात्याला तेलाचा थेंब लावा. काही महिन्यांनी धार मंदावली की १२०००वर पंधरा-वीस फेऱ्या पुरतात. १०००चा दगड पुन्हा काढायचा तो फक्त चिप निघाली किंवा गंज धारेपर्यंत आला तरच.