वर्षानुवर्षं चालणाऱ्या थेरपीत पालकांकडून होणाऱ्या या चुका टाळा

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल यांत येणारी कायमची अडचण) आहे हे तो दहा महिन्यांचा असताना कळलं. आज तो अकरा वर्षांचा आहे आणि या सगळ्या काळात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीची) आणि स्पीच थेरपी यांतलं काही ना काही चालूच आहे. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या, काही थेरपीच्या वेटिंग रूममध्ये इतर पालकांकडून ऐकल्या. उदाहरणं सेरेब्रल पाल्सीची असली तरी वेगळं निदान असलेल्या मुलांच्या घरीही यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

उद्दिष्ट मोघम ठेवणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. आमच्या वहीत दोन वर्षं एकच ओळ होती: 'बसण्याचा तोल सुधारणे.' तोल सुधारून त्याने नेमकं काय करायचं, हे कुणी लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मग नव्या थेरपिस्ट आल्या. त्यांनी मला नाही, त्यालाच विचारलं, "तुला स्वतःचं स्वतः काय करायला आवडेल?" तो सहा वर्षांचा होता. म्हणाला, "पँट वर ओढायची." शाळेत त्यासाठी दुसऱ्या कुणाला बोलवावं लागतं याची त्याला लाज वाटत होती, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

त्या दिवसापासून व्यायाम बदलले. एका हाताने दांडी धरून उभं राहणं, दुसऱ्या हाताने इलॅस्टिक पकडणं, आधी सैल पँट, मग नेहमीची. तोल त्यातूनच सुधारला. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाचा कलही याच बाजूला आहे. मुलाचे हातपाय दुसऱ्याने हलवून देण्यापेक्षा, जे काम यायला हवं आहे तेच काम मुलाने स्वतः, खऱ्या ठिकाणी, पुन्हापुन्हा करून पाहणं जास्त उपयोगी पडतं. म्हणून थेरपिस्टना विचारा: पुढच्या तीन महिन्यांत तो असं काय करू लागेल जे आज करत नाही? उत्तर डोळ्यांना दिसेल असं हवं. 'ताकद वाढेल' हे उत्तर पुरेसं नाही, 'खुर्चीतून उठून आधाराने दारापर्यंत जाईल' हे आहे. तीन महिन्यांनी वही उघडून ते झालं का ते बघा. झालं नसेल तर उद्दिष्ट मोठं होतं, पद्धत चुकली की सराव कमी पडला, यावर तिथेच बोला.

सेशन म्हणजेच थेरपी असं समजणं

आठवड्यात १६८ तास असतात. त्यातले दोन-तीन तास थेरपिस्टच्या हातात, बाकीचे घरी आणि शाळेत. हे कळल्यावर मी उलट्या टोकाला गेले. बारा व्यायामांचा तक्ता भिंतीवर लावला आणि संध्याकाळी घड्याळ लावून करून घ्यायला लागले. तो रडायचा, मी चिडायचे. मला बघितलं की त्याचं अंग ताठ व्हायला लागलं, तेव्हा मी तो तक्ता काढून टाकला.

थेरपिस्टना स्पष्ट सांगा, "आम्हाला रोज जमतील अशा दोनच गोष्टी द्या." आणि त्या दिनक्रमात बसवून घ्या. कपडे घालताना हात त्यालाच बाहीत घालू दे, दात घासताना बेसिनपाशी उभं राहू दे, खेळणं हात लांबवूनच मिळेल असं ठेवा. यासाठी सकाळी दहा मिनिटं जास्त लागतात, तेवढी आधीच धरून चाला. नुसता हाताने ताण देत बसण्याने सांध्याच्या हालचालीत टिकाऊ फरक फारसा पडत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा घरचा वेळ आणि मुलाचा संयम खर्चच करायचा असेल तर तो हालचालीवर, खेळावर करावा असं मला वाटतं.

प्रगती थांबली की लगेच तास वाढवणं किंवा थेरपिस्ट बदलणं

'आधी करायचा, आता करत नाही' असं झालं की पालकांच्या पोटात गोळा येतो. माझा मुलगा नवव्या वर्षी उभं राहायला नकार देऊ लागला. मी त्याला हट्ट म्हटलं. दीड महिन्याने कळलं की पायातला स्प्लिंट (पाऊल नीट स्थितीत धरून ठेवणारा साचा) लहान झाला होता, बोटं कडेच्या बाहेर येत होती आणि टाचेवर व्रण पडला होता. त्या दीड महिन्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून आम्ही ठरलेल्या क्रमाने तपासतो. पहिलं, कुठे दुखतंय का. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये वेदना अगदी सर्रास असते, आणि जी मुलं बोलत नाहीत त्यांची ती सहज नजरेआड होते. मग झोप नीट होते का, पोट साफ होतं का (बद्धकोष्ठतेने स्नायूंचा ताठरपणा वाढलेला मी स्वतः पाहिला आहे), फिट्सचं औषध बदललं का, नजर आणि ऐकणं शेवटचं कधी तपासलं. मग उंची मोजायची. हाडं झपाट्याने वाढतात आणि ताठर स्नायू मागे पडतात, म्हणून उंची वाढण्याच्या काळात तेच पाय अचानक घट्ट वाटू लागतात. स्प्लिंट काढल्यावरचा लालसरपणा वीस-तीस मिनिटांत गेला नाही, तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्यावा लागतो. हे सगळं ठीक असेल तरच थेरपीची पद्धत किंवा थेरपिस्ट बदलण्याचा विचार करा. आणि मुलाने आधी येत असलेली गोष्ट खरोखरच गमावली असेल, तर थेरपीचे तास मोजत न बसता डॉक्टरांना दाखवा.

खुब्याचा एक्स-रे पुढे ढकलणं

सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण दर तीन मुलांमागे एकाचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो. जी मुलं स्वतःहून चालत नाहीत त्यांच्यात हे प्रमाण बरंच जास्त असतं. सुरुवातीला दुखत नाही, चालीतही फरक दिसत नाही, म्हणून 'तक्रार नाही तर एक्स-रे कशाला' असं वाटतं. स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ पासून अशा मुलांच्या खुब्यांची ठरावीक काळाने तपासणी सुरू झाली आणि खुबा पूर्ण निखळण्याचं प्रमाण खूपच खाली आलं. व्यायाम कितीही नियमित असले तरी ते या तपासणीची जागा घेत नाहीत. पुढचा एक्स-रे कधी, हे हाडांच्या डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या.

चालणं हीच एकमेव मोजपट्टी धरणं

'पाच वर्षांपर्यंत काय ते होईल' हे वाक्य प्रत्येक पालकाने ऐकलेलं असतं. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धवट सांगितलं जातं. १९९७ मध्ये आलेल्या जीएमएफसीएस या वर्गीकरणात मुलांच्या हालचालीचे पाच स्तर आहेत. या स्तरांनुसार मुलांचा मागोवा घेतल्यावर दिसलं की बसणं, उभं राहणं, चालणं अशा मोठ्या हालचालींची बहुतेक वाढ पाच वर्षांच्या आसपास, आणि जास्त अडचण असलेल्या मुलांत त्याहूनही लवकर होऊन जाते. हे फक्त मोठ्या हालचालींबद्दल आहे. लिहिणं, संवाद, स्वतःचं स्वतः करणं, नवीन कौशल्यं शिकणं यांना तो आकडा लागू नाही. आपल्या मुलाचा स्तर कोणता हे विचारायला घाबरू नका. मी तीन वर्षं टाळलं आणि ती तीन वर्षं चुकीच्या गोष्टीमागे पळण्यात गेली.

व्हीलचेअर घेतली म्हणजे आपण हरलो, असं मला वाटायचं. ती आली आणि माझा मुलगा पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने माझ्यापासून दूर गेला, मित्रांच्या घोळक्याकडे. वॉकरने तो तिथे पोचेपर्यंत खेळ संपलेला असायचा. घरात तो वॉकर आजही वापरतो. दोन्हीला जागा आहे.

बोलेल म्हणून वाट बघत राहणं

चित्रांचा फलक किंवा बोलणारं उपकरण दिलं तर मूल आळशी होईल, बोलणारच नाही, अशी भीती घरचे मोठे हमखास घालतात. अभ्यासांत असं आढळलेलं नाही. उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतं. वाट बघण्यात मात्र मुलाची अशी वर्षं जातात ज्यांत त्याला 'दुखतंय', 'नको', 'अजून' एवढंही सांगता येत नाही. फलक मिळाला की तो कपाटात ठेवू नका. आधी आपण बोलताना त्याच्यावर बोट ठेवत जा, मुलं बघून शिकतात.

चमत्काराच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात. स्टेम सेलच्या खासगी जाहिराती, प्राणवायूचा दाब वाढवलेल्या खोलीतले उपचार, 'मेंदू नव्याने घडवतो' म्हणणारी शिबिरं. तिथे एकच प्रश्न विचारा: हा उपयोगी पडला नाही तर ते आम्हाला कशावरून आणि किती दिवसांत कळेल? उत्तर टाळलं गेलं तर परत फिरा. ताठर स्नायू सैल करणारी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं ही वेगळी गोष्ट, त्यांना आधार आहे. पण त्यांचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, म्हणून त्या काळात नेमका कशाचा सराव करायचा हे इंजेक्शनच्या आधी ठरवून घ्या.

मुलाचा नकार न ऐकणं

आम्ही वर्षातून दोनदा काही आठवडे थेरपी बंद ठेवतो, स्प्लिंट आणि औषधं सोडून. पहिल्यांदा मला फार अपराधी वाटलं. तो परतला तेव्हा पहिल्या सेशनला स्वतःहून काम करू लागला. अर्थात शस्त्रक्रियेनंतर किंवा इंजेक्शननंतर अशी सुट्टी घेऊ नका. आता कुठली थेरपी चालू ठेवायची यात त्याचंही मत असतं. गेल्या वर्षी त्याने एक सेशन कमी करून पोहणं मागितलं आणि थेरपिस्टनी ते मान्य केलं.

जी मुलं बोलत नाहीत तीही नकार देतात. कुणी मान वळवतं, कुणी डोळे मिटतं, कुणी श्वास रोखून धरतं. आपल्या मुलाची ती खूण कोणती हे नव्या थेरपिस्टना पहिल्याच दिवशी सांगा, आणि ती दिसल्यावर थांबायचं हेही तेव्हाच ठरवून घ्या.