शाकाहारामागचे आपले स्वतःचे नैतिक कारण कसे शोधावे

शाकाहारी राहायचे ठरवलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ‘का?’ असे विचारतेच, आणि बहुतेकांच्या तोंडून तेव्हा एका दमात तीन-चार कारणे बाहेर पडतात. प्रकृतीला बरे, पर्यावरणाला बरे, शिवाय प्राण्यांचे हाल बघवत नाहीत. ही सगळी कारणे खरी असू शकतात. पण त्यांतले नेमके कोणते कारण अडचणीच्या दिवशी आपल्याला धरून ठेवणार आहे, हे सहसा तपासलेले नसते. ती तपासणी कशी करावी, हे मी इथे माझ्या अनुभवाच्या आधारे सांगणार आहे. काय खावे याची माहिती कोणाकडूनही घेता येते, पण का खायचे नाही याचे उत्तर ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

आधी एक फरक लक्षात घ्यावा. मांस न खाणे ही सवय असू शकते, दिलेला शब्द असू शकतो किंवा स्वतः विचारांती केलेली निवड असू शकते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. महात्मा गांधी १८८८ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेले, तेव्हा आईला दिलेल्या वचनाखातर ते मांस खात नव्हते. मनातून मात्र मांसाहारच योग्य असे त्यांना वाटत होते आणि पुढे कधीतरी आपणही मोकळेपणाने मांस खाऊ, अशी त्यांची अपेक्षा होती. इंग्रज लेखक हेन्री सॉल्ट यांनी शाकाहाराच्या बाजूने लिहिलेले पुस्तक तिथे त्यांच्या हाती पडले आणि ते वाचल्यावर ते स्वतःच्या निवडीने शाकाहारी झाले. ताटातले अन्न आदल्या दिवशी होते तेच राहिले, पण ते ज्या कारणाने ताटात होते ते कारण बदलले. १९३१ मध्ये त्याच शहरात शाकाहारी मंडळींसमोर बोलताना त्यांनी आग्रहाने सांगितले की, केवळ प्रकृतीसाठी शाकाहार स्वीकारणारे बहुतांशी टिकत नाहीत, त्याला नैतिक पाया लागतो. वृद्ध सॉल्ट त्या सभेला हजर होते. जन्माने शाकाहारी असलेल्यांनी हा प्रसंग विशेष लक्षात घ्यावा, कारण घरातून आलेली सवय कितीही चांगली असली तरी ती अजून आपला निर्णय झालेली नसते.

आता एक वही घ्या आणि तिच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा : ‘मी प्राणी खात नाही, कारण...’ वाक्याचा कर्ता ‘मी’च ठेवा. ‘माणसाने’ किंवा ‘आपण’ असे लिहायला लागलात की लगेच सगळ्या जगाला लागू पडेल असे काहीतरी सुचू लागते आणि स्वतःचा प्रश्न बाजूला राहतो. वाक्य एकच असावे, कारण चार कारणे एकत्र लिहिली की एक कारण दुसऱ्याच्या आड लपते. आजारपणात डॉक्टरांनी आहार बदलायला सांगितला, तर प्रकृतीचे कारण गळून पडेल. मग उरलेल्या कारणांवर तुम्ही उभे राहाल का, हे त्याच दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

माझे पहिले वाक्य होते, ‘कारण माझे प्राण्यांवर प्रेम आहे.’ ते मी चार दिवसांत खोडले. माशांवर माझे कधीच प्रेम नव्हते आणि कोंबड्यांविषयीही मला काही खास वाटत नव्हते. प्रेम हेच कारण मानले, तर ज्या जिवावर माझे प्रेम नाही, त्याला माझ्या वाक्यातून काहीच संरक्षण मिळत नव्हते. मांजर कुरवाळणे आणि मासा न मारणे यांचा उगम एकच असायला हवा, असा माझा गैरसमज होता.

त्याच सुमारास एका परिचितांकडे आजारी कोंबडीला औषध पाजायचे होते आणि तिला धरून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. पिसांच्या आतले अंग वाटले होते त्यापेक्षा कितीतरी बारीक होते आणि चांगलेच गरम. काळजाचे ठोके इतक्या घाईने पडत होते की तळव्याला त्यांची एक अखंड थरथरच जाणवत होती. आधी तिने पाय झाडले, मग मान आत ओढून घेतली, आणि बऱ्याच वेळाने, धोका नाही असे वाटल्यावर, डोळे मिटले. कोंबडीची पापणी खालून वर येते, हे मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले. मला तिच्याविषयी प्रेम वाटले असे मी म्हणणार नाही. पण या जिवाला काही हवे आहे, काही नको आहे, आणि ते माझ्या आवडीनिवडीवर मुळीच अवलंबून नाही, एवढे मला त्या दहा मिनिटांत समजले. त्या रात्री लिहिलेले वाक्य असे होते : ‘कारण ज्याला स्वतःचे जगणे हवे आहे, त्याचा जीव घ्यायला माझ्या जिभेची चव पुरेशी नाही.’ तुमचे वाक्य वेगळे असेल आणि ते वेगळेच असावे. मात्र ते अशाच एखाद्या प्रत्यक्ष पाहिलेल्या, हाताळलेल्या गोष्टीपाशी जाऊन भिडते का, हे पाहावे.

वाक्य हाती आल्यावर ते वस्तुस्थितीशी जुळवून पाहावे लागते. आज जगात दरवर्षी ८,००० कोटींहून अधिक जमिनीवरचे प्राणी अन्नासाठी मारले जातात आणि त्यांत बहुसंख्य कोंबड्या असतात. मासे तर नगाने मोजलेच जात नाहीत, त्यांची नोंद टनांत होते. मांसासाठी वाढवलेली कोंबडी साधारण ६ आठवड्यांची असताना मारली जाते. एरवी ती काही वर्षे जगू शकते. अंड्यांसाठी जोपासलेल्या जातींतली नर पिले अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही फायद्याची ठरत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी ती जन्मल्याच्या दिवशीच मारून टाकतात. जर्मनीने या प्रथेवर २०२२ पासून बंदी घातली. ही माहिती एकदा शांतपणे, पूर्ण वाचावी. कत्तलखान्यातली दृश्ये पुन्हा पुन्हा पाहून मन तापवत ठेवण्याचा मार्ग मला मान्य नाही, कारण किळस काही दिवसांत ओसरते आणि तिच्या जोरावर घेतलेला निर्णयही तिच्याबरोबर ओसरतो.

माशांच्या बाबतीत अनेकांचा विचार अडखळतो, माझाही अडखळला होता. मासा ओरडत नाही, त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, त्यामुळे त्याला वेदना होत असतील हे आपल्या मनाला सहजी पटत नाही. ब्रिटनमधील शास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट जातीच्या माशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ओठांत सौम्य आम्ल टोचलेले मासे तळाच्या खडीवर ओठ घासू लागले, जागच्या जागी डोलू लागले आणि सुमारे तीन तास त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. वेदनाशामक मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. मुका जीव दुखऱ्या भागाला असा जपतो किंवा घासतो, तेव्हा त्याला काहीच होत नाही असे म्हणण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर येते, असे मला वाटते.

यापुढचे काम सर्वांत अवघड आहे आणि त्याला भरपूर वेळ द्यावा. आपले वाक्य वेदनेविषयी आहे की जीव घेण्याविषयी, हे ठरवा. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातल्या एका तळटीपेत म्हटले की, प्राणी विचार करू शकतात का किंवा बोलू शकतात का हा प्रश्नच नाही, त्यांना दुःख होते का हा खरा प्रश्न आहे. शाकाहाराच्या बाजूने बोलणारे हा विचार नेहमी पुढे करतात. पण त्याच तळटीपेत बेंथम यांनी प्राणी मारून खाण्याला आपली हरकत नसल्याचेही लिहिले आहे, कारण त्यांच्या मते पुढे येणाऱ्या मरणाची चिंता प्राण्याला नसते आणि आपल्या हातून येणारे मरण निसर्गातल्या मरणापेक्षा कमी क्लेशाचे असू शकते. म्हणजे केवळ वेदनेचे कारण धरले, तर उद्या कोणी मोकळ्या कुरणात सुखाने वाढवलेला आणि बेशुद्ध करून मारलेला प्राणी समोर आणल्यावर ‘नाही’ म्हणायला आधार उरत नाही. अशा प्राण्यालाही तुम्ही नकार देणार असाल, तर तुमचे कारण जीव घेण्याविषयीचे आहे आणि तसे वाक्यात स्पष्ट लिहायला हवे. तत्त्वचिंतकांतही हाच भेद आहे : पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये दुःख हा पाया धरून मांडणी केली, तर टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये प्राण्याच्या जगण्याला स्वतःचे मोल आहे आणि म्हणून त्याला हक्क आहेत, असे मांडले. दोघांपैकी कोणाचे बरोबर, हे ठरवल्याशिवायही शाकाहारी होता येते. स्वतःचे कोणते, हे मात्र ठाऊक असावे.

वनस्पतींनाही जीव असतो, ही हरकत तुमच्यासमोर हमखास येईल. तिला रागावून उत्तर देऊ नये. वनस्पती प्रकाशाला, स्पर्शाला, इजेला प्रतिसाद देतात हे खरे आहे, पण वेदना जाणवण्यासाठी लागणारी मज्जासंस्था आणि मेंदू त्यांना नसतो; शिवाय पाळीव प्राणी धान्य आणि चाराच खाऊन वाढत असल्याने, ज्याला वनस्पतींची काळजी आहे त्यालाही मांस सोडल्यावर कमीच वनस्पती लागतात. ‘वाघही मांस खातो’ या हरकतीला त्याहून कमी शब्द पुरतात : वाघाला दुसरा मार्ग नाही, मला आहे. ‘एकट्याने सोडून काय होणार?’ ही हरकत मात्र मला आतपर्यंत लागली होती. माझ्या ताटामुळे जगाच्या आकड्यात दिसण्याजोगा फरक पडणार नाही, हे मी मान्य करतो. तरीही माझ्या नावावर काय घडावे याची जबाबदारी माझी आहे, आणि इतर कोणी आपली जबाबदारी घेत नाहीत म्हणून माझी हलकी होत नाही.

मग रेषा कुठे आखायची ते ठरवावे. जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातडीपासून बनते, त्यामुळे गोड पदार्थांत आणि औषधांच्या कॅप्सूलमध्ये ते असू शकते. काही चीज बनवताना वासराच्या जठरातले रेनेट हे दूध घट्ट करणारे द्रव्य वापरतात. कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून काढतात. वेष्टनावरची घटकांची यादी वाचायची सवय महिनाभरात अंगवळणी पडते. दुधाचा प्रश्न त्याहून खोल आहे, कारण गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि मोठ्या दूधव्यवसायात वासराला आईपासून लवकर वेगळे केले जाते. नर वासराचे पुढे काय होते, हेही आपल्या वाक्याला विचारावे लागते. याच विचारातून १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध आणि अंडीही वर्ज्य करणारी वेगळी संस्था काढली आणि ‘व्हीगन’ हा शब्द घडवला. तुमची रेषा आज अलीकडे असेल तर ती तशीच वहीत नोंदवा, आणि ती तिथे का आहे तेही लिहा : पटत नाही म्हणून, की पटते पण अजून जमत नाही म्हणून. या दोन नोंदी एकमेकींत मिसळू देऊ नयेत. औषधाला पर्याय नसेल तेव्हा औषध घ्यावे; त्याने वाक्य खोटे ठरत नाही.

शरीराची काळजी घेण्यात हयगय करू नये. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही आणि प्रौढ माणसाला रोज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम लागते, तेव्हा दूध-अंडीही सोडणाऱ्याने पूरक गोळी किंवा बी-१२ घातलेले अन्न घेतलेच पाहिजे. डाळी आणि हिरव्या भाज्यांतले लोह क जीवनसत्त्वाबरोबर अधिक शोषले जाते. गर्भारपण, लहान मुले आणि जुने आजार यांच्या बाबतीत आधी डॉक्टरांशी बोलावे.

इतरांशी वागताना एक पथ्य मी फार महत्त्वाचे मानतो. आहारावरून माणसांना शुद्ध-अशुद्ध आणि उच्च-नीच ठरवण्याने माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला आहे, आणि मुक्या जिवांविषयीच्या करुणेतून निघालेले कारण जर शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाचा अपमान करू लागले, तर ते कारण मुळातच बिघडलेले आहे. ज्याला दुसरे अन्न परवडत नाही किंवा मिळतच नाही, त्याच्यापुढे माझे वाक्य मी उच्चारतही नाही. विचारले तर सांगावे, एका वाक्यात सांगावे आणि जेवण पुढे चालू द्यावे. पाहुणे म्हणून जायचे असेल तर यजमानांना आधी कळवावे, म्हणजे त्यांचीही पंचाईत होत नाही.

कधीतरी तुमच्या हातून नियम मोडेल. तिसऱ्या शतकातले ग्रीक तत्त्वज्ञ पोर्फिरी यांचा मित्र फर्मस कास्ट्रिकियस शाकाहार सोडून पुन्हा मांस खाऊ लागला, तेव्हा पोर्फिरी यांनी त्याला उद्देशून प्राणिभक्षण वर्ज्य करण्यामागची कारणे चार भागांच्या मोठ्या ग्रंथात मांडली. मोडलेल्या नियमावर त्यांनी शोधलेला उपाय मला आजही योग्य वाटतो : कारणांकडे परत जायचे. माझ्याकडून एका प्रवासात असे झाले, तेव्हा घरी आल्यावर मी तारीख घालून काय खाल्ले, किती भूक होती, दुसरे काय मिळण्यासारखे होते आणि मी ते का विचारले नाही, हे लिहून काढले. भूक फारशी नव्हती. सोबतच्यांपुढे वेगळे दिसायला मी संकोचलो होतो. पुढच्या प्रवासापासून मी निघण्यापूर्वीच सोबत्यांना सांगू लागलो.

वर्षातून एकदा पहिले पान उघडावे आणि जुने वाक्य न पाहता नवे लिहून दोन्ही शेजारी ठेवावीत. माझ्या यंदाच्या वाक्यात ‘जिभेची चव’ या शब्दांच्या जागी ‘माझी सोय’ असे आले आहे, कारण दुधाचा प्रश्न त्याशिवाय वाक्यात बसत नव्हता. दुधापुढची नोंद अजून ‘पटते, पण पूर्ण जमलेले नाही’ अशीच आहे.