इंडिकेटर भरभर टिकटिकतोय? फ्लॅशर बदलण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या कारचा डावा इंडिकेटर एकदम दुप्पट वेगाने टिकटिकायला लागला. गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक चक्करही न मारता "साहेब, फ्लॅशर गेलाय" असं सांगून नवा बसवला. फ्लॅशर म्हणजे इंडिकेटरचा करंट चालू-बंद करून त्याला लुकलुकवणारा छोटा डबा. टिकटिक तशीच. रविवारी मीच मागचा लाइट खोलला, तर होल्डरमधल्या पितळी पट्टीवर हिरवट थर चढलेला. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, बल्ब दाबून फिरवून परत बसवला आणि काम झालं. काढलेला जुना फ्लॅशर अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, अगदी ठणठणीत.

म्हणजे पहिली चूक ही, की टिकटिक न ऐकताच सामान बदलायचं. इंडिकेटरने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवं. साध्या बल्बच्या कारमध्ये एका बाजूला पुढे-मागे २१ वॅटचा एकेक बल्ब असतो आणि फेंडरवर ५ वॅटचा छोटा. तिघे मिळून चार अँपिअरच्या आसपास करंट ओढतात. त्यातला एक मोठा बल्ब उडाला की करंट जवळपास निम्म्यावर येतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर ते ओळखतो आणि ड्रायव्हरला कळावं म्हणून मुद्दाम वेग वाढवतो. जुन्या, आतली पट्टी तापून चालणाऱ्या फ्लॅशरचं उलट असतं. करंट कमी पडला तर पट्टी पुरती तापत नाही, मग लाइट नुसता पेटून राहतो. तेव्हा एकाच बाजूला गडबड असेल तर त्या बाजूचा बल्ब, होल्डर आणि अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी) बघा. दोन्ही बाजू मेल्या असतील तरच फ्यूज, फ्लॅशर, स्विचकडे वळा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तर वेगळा फ्लॅशरच नसतो. टिकटिक स्पीकरमधून येते आणि काम कंट्रोल युनिट करतं. तिथे डॅशबोर्डखाली हात घालून फ्लॅशर शोधत बसू नका.

बल्बची तार डोळ्यांना शाबूत दिसली म्हणून बल्ब चांगला, असंही धरून चालू नका. उजव्या बाजूचा तसाच बल्ब काढून डावीकडे लावा, दोन मिनिटांत उत्तर मिळतं. नवा घेताना जुना सोबत न्या. पारदर्शक काचेमागे बसणारा नारिंगी बल्ब आणि साधा पांढरा बल्ब दिसायला सारखेच, पण नारिंगीच्या बुडाशी असलेले दोन कान (होल्डरच्या खाचेत अडकणारे खिळे) बरोबर समोरासमोर नसतात. दुकानदाराने पांढरा दिला आणि तुम्ही जोर लावून बसवलात, तर होल्डर फाकतो आणि इंडिकेटर पांढरा लुकलुकतो.

हॅझार्डचं, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारं लाल त्रिकोणाचं बटण हे फुकटातलं टेस्टर आहे, ते न वापरणं ही माझ्या मते सगळ्यात वेळखाऊ चूक. हॅझार्डला सप्लाय थेट बॅटरीवरून असतो, चावी काढली तरी तो चालतो. इंडिकेटर मात्र चावीवर चालतो. हॅझार्डला चारही कोपरे लुकलुकतात पण इंडिकेटरची दांडी खाली-वर करून काही होत नाही? मग बल्ब, मागची वायरिंग आणि बहुधा फ्लॅशरही नीट आहे. चावीच्या लाइनवरचा फ्यूज किंवा स्टिअरिंगखालचा स्विच बघा. इंडिकेटर चालतो आणि हॅझार्ड नाही, तर हॅझार्डचा फ्यूज किंवा ते बटणच. कितीतरी जुन्या गाड्यांत इंडिकेटरचा करंटसुद्धा हॅझार्डच्या बटणातून जातो. वर्षानुवर्षं न दाबलेल्या बटणाचे कॉन्टॅक्ट काळे पडतात आणि इंडिकेटर मुका होतो. दहा-पंधरा वेळा बटण दाबून सोडा. मध्येच जीव आला तर रोगी सापडला.

फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळायचा, किंवा १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी २० चा पिवळा खोचायचा, हे करू नका. शॉर्ट तसाच राहतो आणि फ्यूजऐवजी वायर जळते.

इंडिकेटर दिल्यावर त्याच कोपऱ्यातला टेललाइटही मंद लुकलुकत असेल तर अर्थची जोडणी गेलीय. परतीचा रस्ता बंद झाल्याने करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक लांब वायर त्या होल्डरच्या अर्थला टेकवून बघा. लाइट नीट झाला की अर्थचा स्क्रू खोलून खालचा गंज खरवडा.

बाइकवाल्यांची लाडकी चूक एलईडीची. चारही बल्ब एलईडी केले आणि डावं दिलं तर चारही लुकलुकतात! याचं कारण मीटरमधला एकुलता एक इंडिकेटरचा दिवा. बऱ्याच बाइकमध्ये तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो. त्याच्यातून पलीकडे जाणारा थोडा करंट साध्या बल्बला पेटवू शकत नाही, एलईडीला पुरतो. दोन्ही वायरींवरून एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घेऊन दिव्याच्या एका टोकाला जोडायचा आणि दुसरं टोक अर्थ करायचं, की प्रश्न मिटतो. एलईडी कमी करंट ओढतो, म्हणून फ्लॅशरला बल्ब उडाल्यासारखं वाटतं; ती भरभर टिकटिक थांबवायला काही जण जादा करंट ओढणारा मोठा रेझिस्टर लावतात. तो चांगलाच तापतो, प्लॅस्टिकला चिकटवलात तर प्लॅस्टिक वितळेल. त्यापेक्षा एलईडीसाठीचाच फ्लॅशर घ्या.

बाइकचा इंडिकेटर हँडल सरळ असताना चालतो आणि वळवलं की बंद पडतो, तर हेडलाइटमागचा वायरचा जुडगा चाचपा. वरचं आवरण अखंड दिसतं, आतली तांब्याची तार तुटलेली असते. आणि इंजिन आयडलवर असताना लाइट पेटून राहतो, रेस केली की लुकलुकतो, तर बॅटरी उतरलेली आहे.

आता बिघाड नसलेली एक चूक. चौकात सरळ जायचंय म्हणून हॅझार्ड लावणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. डावीकडून येणाऱ्याला तुमच्या गाडीचा डावाच कोपरा दिसतो, म्हणजे तुम्ही डावीकडे वळताय असं तो समजतो. घाटात पावसात हॅझार्ड लावून चालवणारेही तसेच: बहुतेक गाड्यांत हॅझार्ड चालू असताना इंडिकेटर देता येत नाही, मागच्याला लेन बदल कळणार कसा?

बंद पडलेल्या गाडीलाही नुसत्या हॅझार्डच्या भरवशावर रात्रभर सोडू नका. चारही कोपरे मिळून ९४ वॅट, निम्मा वेळ पेटलेले, म्हणजे तासाला चार अँपिअर-तासांच्या आसपास. थकलेली बॅटरी तीन-चार तासांत सेल्फ मारायचं नाव घेणार नाही. डिकीतला लाल रिफ्लेक्टर त्रिकोण काढून गाडीच्या बऱ्याच मागे उभा करा, त्याला बॅटरी लागत नाही.